या, विचारा

आमच्या पेठेला युद्ध फार आवडतं. अर्थात दुसऱ्यानं लढलेलं. लढणारा कुठंतरी लांब बर्फात असावा, बातमी आपल्या चौकात यावी आणि आपण मिसळीवर आणखी कट मागत "एकदा घुसायलाच पायजे" म्हणावं, एवढा आमच्याकडचा देशाभिमान. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच. मी हे रागानं लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. पिठाच्या गिरणीच्या आवाजात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि हे हळू बोलण्यासारखं नाहीही.

माझे वडील, आप्पा, पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि कोल्हापुरात गिरण टाकून बसले. त्याआधी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी चालून आली होती. माजी सैनिकाला तीच मिळते. आप्पांनी हात जोडले. "बंदूक सोडून काय बी सांगा," म्हणाले. आमचं गाव पेठ वडगावच्या पलीकडं. थोडं रान तिथं, चुलते तिथं. आम्ही लिंगायत, त्यामुळं सोमवार आमचा. सोमवारी गिरण बंद असायची. सकाळी आप्पा दगडांना टाकी लावायचे, म्हणजे दळून दळून गुळगुळीत झालेले दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करायचे, आणि मग अंघोळ करून कपाळाला विभूती लावून निवांत बसायचे. माझी आई सीमेकडच्या कानडी मुलखातली, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. रागावली की ती कानडीत शिरायची आणि आप्पांवर बहुतेक वेळ रागावलेलीच असायची. आप्पा एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढचं आम्ही विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते गणपतीत. आमच्याकडच्या तालमी गणपतीत सजीव देखावे करतात. तालमीतलेच गडी रंग फासून, कपडे चढवून मंडपात उभे राहतात, कॅसेटवर संवाद लागतो आणि त्यावर ही मंडळी हातवारे करतात. नव्वदीच्या मधल्या एका वर्षी आमच्या तालमीनं लढाईचा देखावा बसवला. मंडळाचे अध्यक्ष गिरणीत आले. त्यांना मी पुढंही अध्यक्षच म्हणणार आहे, कारण आमच्या पेठेत एकदा अध्यक्ष झालेला माणूस मरेपर्यंत अध्यक्षच असतो. म्हणाले, "आप्पा, पदकं लावून या. नारळ तुमच्याच हातनं फोडायचा."

आप्पा गेले. त्यांनी नारळ फोडला, त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. पोती रचून डोंगर केला होता. कॅसेटवर गोळीबार झाला, फटाके उडाले, लाल रंगाचं पाणी सांडलं आणि शत्रूचा सैनिक झालेला एक पोरगेला गडी आडवा पडला. मग आपल्या सैनिकानं त्या पडलेल्याला लाथ घातली. मंडपात शिट्ट्या वाजल्या. त्यानं दुसरी घातली. आणखी शिट्ट्या. बायका कडेवरची पोरं वर उचलून दाखवत होत्या. तिसऱ्या लाथेला आप्पा उठले, पदकं खुळखुळवत वर चढले, आत्ताच मिळालेली शाल त्यांनी त्या पडलेल्या गड्यावर तोंडापर्यंत पांघरली आणि त्याच्यापुढं उभे राहिले.

"मेलेल्याला लाथ मारायची न्हाय!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. गिरण चालू असती तरी रस्त्यावर ऐकू गेला असता. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हाही देखाव्याचाच भाग. अध्यक्षांनी माईक घेतला आणि गोडीगुलाबीनं म्हणाले, "आप्पा, उतरा की खाली. म्होरला खेळ लावायचा हाय." दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. कॅसेट उलटी फिरवली आणि पुढच्या गर्दीला तोच देखावा पुन्हा दाखवला, लाथेसकट. त्या वर्षी त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यानंतरच्या सोमवारी आप्पा गिरणीतल्या दोन लोखंडी खुर्च्या उचलून चौकात गेले, बरोबर तालमीसमोर. एका खुर्चीवर ते बसले, दुसरी शेजारी रिकामी ठेवली. मांडीवर पत्र्याची पाटी. पिठाच्या जुन्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : 'मी युद्ध बघितलंय. या, विचारा.'

ना घोषणा, ना पत्रक, ना उपोषण. कुणी शेजारी येऊन बसावं आणि विचारावं, एवढीच त्या माणसाची मागणी होती. सरकारकडं नव्हतीच ती, चौकातल्या माणसांकडं होती. दर सोमवारी दुपारपासून दिवे लागेपर्यंत ते बसायचे. पाऊस असला तर डोक्यावर पोत्याची खोळ. एक पोलीस येऊन म्हणाला, "आप्पा, परवानगी काढलीसा काय?" आप्पा म्हणाले, "बसायला?" पोलीस हसून गेला. तोही बसला नाही.

अव्वाचा जळफळाट व्हायचा. "घरची दळणं पडल्यात, आनी ह्येनी चौकात लष्कराच्या भाकऱ्या भाजालेत!" म्हणायची. मी तेव्हा बी.ए. होऊन दोन गल्ल्या पलीकडं दिलेली. आप्पांचा जीव गिरणीतून उठला तसा मी तिचा ताबा घेतला. सोमवारी टाकी लावायलाही मीच शिकले. चौक गिरणीतून दिसतो. मी छिन्नी मारत सगळं बघत असायचे.

आणि काय बघायचे? लोक यायचे, नाही असं नाही. चहा पिऊन झाल्यावर, कुस्तीचं मैदान आटोपल्यावर, फुटबॉलमध्ये आपली तालीम जिंकल्यावर यायचे. खुर्चीवर न बसता तिच्या पाठीला टेकून उभे राहायचे आणि सगळे तेच विचारायचे, "किती मारलं, आप्पा?" आप्पा मान हलवायचे. "ह्यो प्रश्न न्हवं. दुसरा विचार." दुसरा प्रश्न कुणाकडंच नसायचा! इतकी मोठी पेठ. वकील आहेत, मास्तर आहेत, सकाळपासून पेपर वाचून राजकारणाची चिरफाड करणारे आहेत, आणि युद्ध बघून आलेल्या माणसाला विचारायला यांच्याकडं एकच प्रश्न. माझ्या हातातली छिन्नी भलतीकडं बसायची.

अठ्ठ्याण्णव साली अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा चौकात साखर वाटली, पेढे वाटले. योगायोगानं सोमवारही होता आणि आप्पा बसलेले होते. अध्यक्ष पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी तो रिकाम्या खुर्चीवर ठेवला. आप्पांनी तो उचलून परत त्यांच्या हातात दिला. "खुर्ची माणसासाठी हाय," म्हणाले. एवढ्यावरून रात्रीपर्यंत पेठभर झालं की आप्पांना बॉम्बचा पेढा कडू लागला.

मग कारगिल आलं. टीव्हीवर डोंगर दिसायला लागले आणि आमच्या चौकाला अक्षरशः अंगात आलं. आमच्याच भागातल्या खेड्यापाड्यांतले गडी वर होते. त्यांच्या आया दारात बसून पोस्टमनची वाट बघत होत्या. त्यांच्या काळजीबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. मी बोलते आहे ते चौकाबद्दल. एके सकाळी आप्पांच्या पाटीवर कुणीतरी वंगण फासलं. आप्पांनी रॉकेलनं पुसलं, अक्षरं पुन्हा रंगवली. मग दळणं कमी झाली. वर्षानुवर्षं आमच्याकडं येणाऱ्या बायका डबा पदराखाली धरून आमच्या दारावरून पलीकडच्या गिरणीत जायला लागल्या. माझ्याकडं बघायच्या नाहीत. एकीला मी हाक मारली, "काय वो काकू, आमच्या पिठात खडं लागलं व्हय?" ती म्हणाली, "आमचं ह्ये नगं म्हणत्यात." आमच्या पिठावर तिची पोरं वाढली होती!

रविवारी अध्यक्ष घरी आले. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता आणि तो चौकातूनच निघणार होता.

"आप्पा, उद्या तेवढं बसू नगासा. पोरं ऐकायची न्हाईत. मग मला बोल लावायचा न्हाय."

"पोरं तुमचीच न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"माझीच की. म्हणून तर सांगाय आलोय."

आप्पा म्हणाले, "सोमवार हाय. मी बसणार."

दुसऱ्या दिवशी चौक माणसांनी भरून गेला होता. ढोल होते, झेंडे होते, आणि पेटवण्यासाठी गवताचा पुतळाही होता. मध्ये आप्पा, पाटी मांडीवर, शेजारी रिकामी खुर्ची. आजूबाजूला पोरं ओरडत होती, "उठीव रं त्येला!" मी गिरणीचं शटर ओढलं आणि धावले. पण माझ्याआधी अव्वा निघाली होती. हातातलं सूपसुद्धा तिनं खाली ठेवलं नव्हतं. गर्दीतल्या पोरांना त्या सुपानंच बाजूला सारत ती गेली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हं. सांगा. काय बगितलंसा?"

आप्पा तिच्याकडं बघतच राहिले. ज्या बाईनं त्यांना सोमवार सोमवार शिव्या घातल्या, ती सगळ्या पेठेच्या तोंडावर त्यांच्या शेजारी बसून विचारत होती. मी मागं उभी होते, म्हणून मलाही ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. बाकीच्यांना ऐकायचंच नव्हतं.

पण त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देऊन, पूजेला बसल्यासारखं त्याला बसवतात आणि मग माती देतात. त्यासाठी खड्डाही चौकोनी आणि खोल काढतात. आप्पांनी लहानपणापासून तेवढंच बघितलं होतं.

"पंजाबाकडचं रान हुतं," आप्पा म्हणाले. "गहू नुकता वर आलता. लढाई म्होरं सरकलती, मेलेली मागं राहिलती. आमची उचलून न्हेली. त्यांची पुरायची हुती, वास सुटायच्या आत. एक माझ्या वाट्याला आला. माझ्याच वयाचा. जोडीदार पाणी बघाय गेलता. मला पलटणीत मारायला शिकिवलतं, पुरायला कुणी शिकिवलं न्हवतं. मला आपलं घरचं म्हाईत. मी चौकोनी खड्डा काढला, खोल. आनी त्येला बसिवला."

अव्वानं सूप खाली ठेवलं.

"मान राहीना गं त्येची. सारखी म्होरं पडायची. मग हनुवटीखाली माती दाबली. विभूती कुठली आणू? चुलीतली राख लावली कपाळाला. लई मनापासनं केलं मी सगळं. माती लोटून झाली आनी जोडीदार आला. म्हणाला, 'अरे, ये क्या किया? इनको तो लिटाते हैं.' पुन्हा उकराय घेतलं, तवर हुकूम आला. गाड्या निघाल्या. तसाच सोडून आलो त्येला."

"तुमीच मारलता त्येला?" अव्वानं विचारलं.

"म्हाईत न्हाय. आसंल. गोळ्या सगळ्यांच्याच सुटल्यात्या."

एक चप्पल आली आणि अव्वाच्या खांद्याला लागून खाली पडली. अव्वानं ती उचलली, खुर्चीच्या पायाशी नीट ठेवली आणि गर्दीकडं न बघता मोठ्यानं म्हणाली, "ज्याची हाय त्यानं येऊन न्यावी." कोण येतंय? मग ती आप्पांकडं वळली.

"म्हंजी त्यो अजून बसलाय तितं."

"व्हय."

"म्हणून तुमी हितं बसताय."

आप्पांनी पाटीवर बसलेली धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. मोर्चा त्या दोन खुर्च्यांना वळसा घालून गेला. वळसा घालताना माणसं शिव्या देत होती, पण वळसा घालूनच गेली. अव्वा दिवे लागेपर्यंत उठली नाही. घरी आल्यावर तिनं त्या दिवशी आप्पांना पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाय धुवायला पाणी दिलं, आणि त्यांच्या चौकात बसण्यावरून पुन्हा कधी बोलली नाही.

आप्पा पुढंही बसतच राहिले. लढाई संपली, दळणं हळूहळू परत आली. भाकरीला पीठ लागतंच. पेपरात त्यांचा फोटो आला. मग शहरातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी त्यांना एका सभागृहात शांततेच्या परिषदेला बोलावलं. मी बरोबर गेले होते. चांगली माणसं होती, खादीचे कुर्ते, मऊ आवाज. आप्पांना हार घातला, पहिल्या रांगेत बसवलं आणि व्यासपीठावरून 'जिवंत प्रतीक' म्हटलं. तीन तास भाषणं झाली. आप्पांनी पाटी बरोबर आणली होती आणि शेजारची खुर्चीही धरून ठेवली होती. तिच्यावर एका बाईंनी आपली पर्स ठेवली. कुणी काही विचारलं नाही. रिक्षात आप्पा म्हणाले, "तालमीतली पोरं बरी. निदान किती मारलं ते तरी विचारत्यात." मला त्या दिवशी तालमीपेक्षा त्या सभागृहाचा जास्त राग आला.

पुढं सीमेवर पुन्हा फौजा उभ्या राहिल्या, पुन्हा चौक तापला, पुन्हा निवळला. चौकात फ्लेक्स आले, पोरांच्या हातात मोबाईल आले. आप्पांना खुर्ची उचलवेना, तेव्हा मी दोन्ही खुर्च्या मांडून द्यायला लागले. अशाच एका सोमवारी परतताना ते गिरणीच्या पायरीवर टेकले आणि अव्वाला आणि मला म्हणाले, "मी गेल्यावर मला बसवू नगासा. निजवा. त्येचं त्येला मिळालं न्हाय माझ्यामुळं. मग माझं मला कशाला?"

अव्वा म्हणाली, "भाऊबंद ऐकतील?"

"तुमी दोघी हाय न्हवं."

दोन हजारच्या त्या दशकाच्या मध्याला, हिवाळ्यातल्या एका दुपारी, ते जेवून खाटेवर पडले ते उठले नाहीत. फोन गेले. गावाहून चुलते जीप करून आले, अंत्यविधी करणाऱ्या स्वामींना घेऊनच. आमच्यात शरीर ताठ होण्याआधी बसवावं लागतं, भिंतीला टेकवून, मांडी घालून. म्हणून घाई असते. चुलते आले ते म्हणतच आले, "उचला, भिताडाला टेकवा. खड्डा काढाय माणसं लावून आलोय."

मी म्हटलं, "आप्पांना बसवायचं नाही. आडवं ठेवायचं. त्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय? डोकं फिरलतं त्येचं! जातीत तोंड दाखवाय जागा ठेवणार हाईस का न्हाय?" चुलते ओरडले. स्वामी वयस्कर आणि शांत होते. म्हणाले, "पोरी, आपल्यात अशी रीत न्हाय." मी म्हटलं, "का म्हणून सांगितलं ते तरी विचारा." स्वामींनी विचारलं नाही. चुलत्यांनी विचारलं नाही. रीत सगळ्यांना पाठ होती, आप्पांचं कारण कुणालाच नको होतं. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. थोरल्या चुलत्याशी असं बोलायचं नसतं, हे मला माहीत आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

दोघांनी पुढं होऊन आप्पांच्या खांद्याखाली हात घातले. तेवढ्यात अव्वा खाटेवर चढून बसली, आप्पांच्या पायाशी, आणि दोन्ही हात तिनं त्यांच्या गुडघ्यांवर दाबून धरले. "पाय कोण दुमडतंय बगतेच मी," म्हणाली. बायको नवऱ्याच्या पायाला धरून बसलेली. तिला हात लावून बाजूला करायची कुणाची छाती झाली नाही. लोक येत होते, रडत होते, नमस्कार करत होते, आणि अव्वा हलली नाही. पाय थंड पडून ताठ होईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. मगच ती खाली उतरली आणि म्हणाली, "आता बशिवतासा? बशिवा."

चुलते बाहेर जाऊन उभे राहिले.

बाहेर वेगळाच तमाशा. अध्यक्ष फुलांनी सजवलेला ट्रक घेऊन आले होते, वर कर्णे, कॅसेटवर देशभक्तीची गाणी. पोरं घोषणा देत होती, "अमर रहे!" ज्या चौकानं पाटीला वंगण फासलं, दळणं तोडली, माझ्या आईवर चप्पल फेकली, त्याच चौकाला आप्पा मेल्याबरोबर हवेसे झाले. आयत्या बिळावर नागोबा! मी ट्रकवर चढले आणि कर्ण्याची वायर उपटली. गाणं मध्येच तुटलं. अध्यक्ष "ताई, ताई" करत राहिले. मी म्हटलं, "चालायचं तर गप चाला. न्हायतर परत जावा." माझ्या तोंडी त्यांचीच दमदाटीची भाषा आली. ते गप चालले, एवढं खरं.

पेठेबाहेर गाड्यांत बसून गावच्या रानात पोचलो तर खड्डा चौकोनीच. खोल, स्वच्छ, नेहमीसारखा काढलेला. आडव्या माणसाला त्यात जागा नव्हती. काढणाऱ्यांनी चुलत्यांकडं बघितलं, चुलत्यांनी बांधाकडं. कुणी हलेना. स्वामी बाजूला झाले होते, पण गेले नव्हते. आप्पांना खाली ठेवून आम्ही दोघी त्या खड्ड्याकडं बघत उभ्या. मी कुदळ उचलली. दोन घाव घातले असतील, तेवढ्यात ट्रकबरोबर आलेल्यांतून एक जण पुढं झाला. रिक्षा चालवणारा, तिशीतला गडी. त्यानं माझ्या हातातली कुदळ घेतली.

"सरका ताई. मी त्यो मेलेला."

मला कळेना. त्यानं खणता खणता सांगितलं. "देखाव्यात न्हाय का, गणपतीत. शत्रू मीच हुतो. लाथ खरी बसलती मला, बरगडीत. मेलेला हुतो म्हणून ओरडता येईना. सगळी शिट्ट्या मारालती. एकट्या आप्पास्नी कळलं." आणि मग अध्यक्षांकडं वळून तो असा काही ओरडला की रानातली पाखरं उठली, "बगत काय उभारलाय? या की! खोरं घ्या!"

तालमीची पोरं आली. खड्डा लांब केला. आप्पांना आडवं ठेवलं, त्यांचं इष्टलिंग छातीवर, हात त्यावर. तेव्हा स्वामी पुढं आले, त्यांनी कपाळाला विभूती लावली, बेलाची पानं ठेवली आणि पहिली मूठ माती दिली. चुलत्यांनी शेवटची दिली. त्यांनी दिली, हे सांगितलं पाहिजे. अव्वानं खाली वाकून, आप्पा झोपेत असावेत तशा आवाजात म्हटलं, "निजा आता. त्योबी निजंल."

पुढच्या सोमवारी मी दोन्ही खुर्च्या घेऊन चौकात गेले आणि बघते तर तालमीवर भला मोठा फ्लेक्स. 'शूर योद्ध्यास भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली अध्यक्षांसकट सगळ्यांचे फोटो. आणि मध्ये आप्पा, त्यांच्या हातात कॉम्प्युटरवर कापून चिकटवलेली मोठी बंदूक. ज्या माणसानं पोटासाठीसुद्धा ती पुन्हा हातात घेतली नाही, त्याच्या हातात! मी गिरणीतून पोत्याची सुतळी कापायची सुरी आणली, खुर्चीवर उभी राहिले आणि बंदूक कापून काढली. आप्पांच्या हातांत एक भोक राहिलं, त्यातून तालमीची भिंत दिसायला लागली.

अध्यक्ष धावत आले. "ताई, काय केलासा ह्ये? मंडळाचा फ्लेक्स हाय!"

मी खाली उतरले, बसले, पाटी मांडीवर घेतली. पहिली ओळ मी रात्रीच बदलली होती, आता ती 'माझ्या वडिलांनी युद्ध बघितलंय' अशी होती. शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बसा."

"ताई, तसं न्हवं..."

"बसा म्हणते न्हवं!"

चौक बघत होता. अध्यक्ष खुर्चीच्या टोकावर, उठायच्या तयारीत टेकले. त्यांनी वर बघितलं, भोकाकडं. मग बारीक आवाजात म्हणाले, "आप्पास्नी आडवं का ठेवलासा?"

मी सांगायला लागले. गव्हाच्या रानापासून, पुढं पडणाऱ्या मानेपासून. मध्येच ते चुळबुळ करायला लागले, तालमीतून कुणीतरी हाक मारली. मी त्यांचं मनगट धरलं आणि सगळं सांगून होईपर्यंत त्यांना उठू दिलं नाही.